न छापलेला आकडा: ब्रिटन, ६ मे २०१५

बुधवार, ६ मे २०१५. दुसऱ्या दिवशी ब्रिटनमध्ये मतदान. सर्व्हेशन या जनमत चाचण्या घेणाऱ्या कंपनीची माणसं दुपारपासून रात्रीपर्यंत देशभर फोन लावत बसली होती. ‘कोणत्या पक्षाला मत देणार?’ एवढ्यावर ती थांबत नव्हती. ज्या मतदारसंघात फोन लागला तिथल्या मतपत्रिकेवरची उमेदवारांची नावं वाचून दाखवत होती. फोन लँडलाइनवरही आणि मोबाइलवरही. यादीत ज्याचं नाव त्याच्याशीच बोलायचं, घरात जो कुणी फोन उचलेल त्याचं मत धरायचं नाही. रात्री बेरीज झाली: हुजूर पक्ष ३७ टक्के, मजूर पक्ष ३१ टक्के.

हा आकडा कुठेच छापून आला नाही. त्या आठवड्यातल्या जवळपास सगळ्या चाचण्या दोन्ही पक्षांना बरोबरीत दाखवत होत्या. सर्व्हेशनची स्वतःची इंटरनेटवरची शेवटची चाचणीही ३१-३१ अशीच होती. आपलाच आकडा इतका फटकून कसा, असं वाटून आपण कच खाल्ली, असं कंपनीचे प्रमुख डेमियन लायन्स लो यांनी निकालानंतर स्वतः लिहिलं. प्रत्यक्षात उत्तर आयर्लंड वगळता ब्रिटनमध्ये हुजूर पक्ष मजूर पक्षाच्या साडेसहा टक्के पुढे राहिला.

चाचण्या चुकल्या ही गोष्ट तेव्हा जगभर गाजली. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते निराळंच. चुकीची बरोबरी खरी मानून एक अख्खा देश चार-पाच आठवडे भलत्याच प्रश्नावर भांडत राहिला. हे प्रकरण त्या भांडणाचं आहे.

बरोबरीची सवय

२०१० च्या निवडणुकीत कुणालाच बहुमत नव्हतं. हुजूर ३०६, मजूर २५८, लिबरल डेमोक्रॅट ५७. सभागृह ६५० चं, बहुमताला ३२६. हुजूर पक्षाचे डेव्हिड कॅमेरन पंतप्रधान झाले, लिबरल डेमोक्रॅटांचे निक क्लेग उपपंतप्रधान. हे आघाडी सरकार वर्षभरात कोसळेल असं म्हणणारे पुष्कळ होते, ते पाच वर्षं टिकलं. किंमत मात्र धाकट्या भावाने मोजली. विद्यापीठांची फी वाढू देणार नाही, अशा लेखी हमीवर लिबरल डेमोक्रॅट उमेदवारांनी सह्या केल्या होत्या आणि त्यांच्याच सरकारने इंग्लंडमधली फीची कमाल मर्यादा ९,००० पौंडांवर नेली. तरुण मतदार त्यांना सोडून गेला तो परतलाच नाही.

दुसरी घडामोड स्कॉटलंडची. सप्टेंबर २०१४ च्या सार्वमतात स्कॉटलंडने ५५ विरुद्ध ४५ टक्क्यांनी ब्रिटनमध्ये राहायचं ठरवलं. हरलेल्या स्कॉटिश नॅशनल पार्टीने, म्हणजे एसएनपीने, खचून जायला हवं होतं. झालं उलटंच. स्वातंत्र्याच्या बाजूच्या ४५ टक्क्यांपैकी बहुतेक मतं एका पक्षामागे गोळा झाली आणि सार्वमतात हुजूर पक्षाच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या मजूर पक्षाची स्कॉटलंडमधली जमीन सरकली. तिथल्या ५९ जागांपैकी ४१ मजूर पक्षाकडे होत्या.

तिसरं म्हणजे १९९२ ची जुनी जखम. तेव्हाही चाचण्यांनी अटीतटीची लढत सांगितली होती आणि हुजूर पक्षाचे जॉन मेजर साडेसात टक्क्यांहून जास्त फरकाने जिंकले होते. त्यावर चौकशी झाली. हुजूर पक्षाला मत देणारे ते उघड सांगायला लाजतात, असं एक कारण पुढे आलं. कंपन्यांनी पद्धती बदलल्या, ‘सांगत नाही’ म्हणणाऱ्यांची मतं वाटून द्यायचे हिशेब बसवले. नंतरच्या निवडणुकांत चाचण्या बऱ्यापैकी जमल्या. त्यामुळे २०१५ मध्ये या धंद्यातल्या लोकांना तो रोग बरा झाल्यासारखा वाटत होता.

शिवाय आकड्यांचा पूर आलेला. २०१० ते २०१५ या पाच वर्षांत ब्रिटनमध्ये १,९०० हून जास्त चाचण्या प्रसिद्ध झाल्या. इंटरनेटमुळे चाचणी स्वस्त झाली, वृत्तपत्रांना रोजचा मथळा मिळाला. आणि रोज तोच मथळा: बरोबरी.

आदल्या दिवशी कोण काय म्हणत होतं

शेवटचे आकडे पाहा. यूगव्ह: ३४-३४. पॉप्युलस: ३३-३३. लॉर्ड अॅशक्रॉफ्ट: ३३-३३. इप्सॉस मोरी, कॉमरेस आणि ओपिनियम: हुजूर एका टक्क्याने पुढे. आयसीएम: मजूर एकाने पुढे. पॅनेलबेस: मजूर दोनाने पुढे. निरनिराळ्या कंपन्या, कुणी फोनवर विचारणारं, कुणी इंटरनेटवर, तरी सगळे एकाच पायरीवर उभे. नमुना हजार-दोन हजारांचा असेल, तर नुसत्या योगायोगानेही आकडे याहून जास्त विखुरायला हवेत. इतकी एकवाक्यता दिसली की खरं तर शंका यायला हवी होती. आली ती फार थोड्यांना.

या चाचण्यांवर जागांचा अंदाज बांधणारी गणिती प्रारूपं उभी होती. क्रिस हॅनरेटी, बेन लॉडरडेल आणि निक व्हिव्हियन या तीन अभ्यासकांच्या प्रारूपाने शेवटी हुजूर २७८, मजूर २६७, एसएनपी ५३, लिबरल डेमोक्रॅट २७ असा अंदाज दिला. अमेरिकेत नेट सिल्व्हर यांच्या संकेतस्थळावरही तोच होता. आता यावर जुळवाजुळव करून पाहा. उत्तर आयर्लंडमधले शिन फेनचे खासदार सभागृहात बसतच नाहीत, त्यामुळे व्यवहारात ३२३ पुरेसे. हुजूर अधिक लिबरल डेमोक्रॅट ३०५. उत्तर आयर्लंडच्या डीयूपीचे आठ-नऊ धरले तरी गाडी ३१४ च्या पुढे जात नाही. उलट मजूर अधिक एसएनपी ३२०, वर वेल्सच्या राष्ट्रवादी पक्षाचे तीन-चार आणि ग्रीनची एखादी जागा, की झालं. कागदावर मजूर पक्षाचे नेते एड मिलिबँड पंतप्रधान होते.

म्हणून ६ मेच्या रात्री वाद ‘कोण जिंकणार’ हा नव्हताच. तो गृहीत धरून पुढचा वाद रंगला होता: जागांत दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या पक्षाच्या नेत्याने पंतप्रधान होणं रास्त आहे का? हुजूर पक्षाकडे झुकलेली वृत्तपत्रं म्हणत होती, हा जनादेशाचा अपमान. घटनेचे जाणकार दाखला देत होते १९२३ सालचा. तेव्हा बाल्डविन यांच्या हुजूर पक्षाला सर्वांत जास्त, २५८ जागा होत्या, तरी जानेवारी १९२४ मध्ये १९१ जागांवर रॅम्से मॅक्डोनल्ड यांनी सरकार बनवलं. सभागृहाचा विश्वास ज्याच्यामागे तो पंतप्रधान, बाकी सगळं राजकारण. तर्क पक्का होता. फक्त त्याची गरजच पडली नाही.

वृत्तपत्रांच्या भूमिका तर वाचण्यासारख्या होत्या. ‘गार्डियन’ आणि ‘मिरर’ मजूर पक्षामागे. ‘फायनान्शियल टाइम्स’ला हुजूर पक्षाच्या नेतृत्वाखालची आघाडी हवी होती आणि ‘इंडिपेंडंट’लाही जुनीच आघाडी पुन्हा यावी असं वाटत होतं. ‘एक्सप्रेस’ नायजेल फराज यांच्या यूकिपच्या, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडा म्हणणाऱ्या पक्षाच्या बाजूने. त्याच्या मालकाने त्या पक्षाला भरघोस देणगी दिलेली. ‘सन’ने इंग्लंडच्या आवृत्तीत हुजूर पक्षाला मत द्या म्हटलं आणि स्कॉटलंडच्या आवृत्तीत एसएनपीला. त्याच ‘सन’ने ६ मेला पहिल्या पानावर मिलिबँड यांचा बेकन सँडविच खातानाचा, तोंड वेडंवाकडं झालेला जुना फोटो छापला. दोन दगडांवर पाय ठेवायचे तर असे.

वेगळा सूरही होता. मॅट सिंग या विश्लेषकाने ६ मेलाच एक लांबलचक विश्लेषण प्रसिद्ध केलं. कित्येक दशकांच्या चाचण्या आणि निकाल शेजारी शेजारी ठेवून त्याने दाखवलं, की चाचण्या हुजूर पक्षाला कमी लेखतात असा कल आहे आणि या वेळीही तसं होण्याची चिन्हं आहेत. ती चिन्हं कुणापासून लपलेली नव्हती. अर्थव्यवस्था कोण नीट सांभाळेल, या प्रश्नावर कॅमेरन यांचा पक्ष पुढे. पंतप्रधान म्हणून कोण बरा, यावर कॅमेरन मिलिबँडपेक्षा बरेच पुढे. दोन्ही बाबतींत मागे असलेला पक्ष मतांत मात्र बरोबरीत, हे गणित कुठेतरी अडतंय हे कळायला संख्याशास्त्राची पदवी लागत नाही. पण रोजचा ताजा आकडा समोर असताना जुन्या कलाकडे कोण बघतो?

खिशातला मिलिबँड

हुजूर पक्षाच्या प्रचाराची सूत्रं लिंटन क्रॉस्बी या ऑस्ट्रेलियन माणसाकडे होती. बरोबरीचे आकडे त्याच्यासाठी अडचण नव्हते, भांडवल होतं. पोस्टरवर एसएनपीचे माजी नेते अॅलेक्स सामंड कोटाच्या खिशात चिमुकले मिलिबँड घेऊन उभे. मजकुराची फारशी गरजच नाही: मजूर पक्षाला मत म्हणजे लंडनच्या तिजोरीची किल्ली स्कॉटलंडकडे. एसएनपीच्या निकोला स्टर्जन यांनी ‘कॅमेरन यांना डाउनिंग स्ट्रीटबाहेर ठेवायला आम्ही मदत करू’ असं जाहीर म्हणून या पोस्टरला खतपाणीच घातलं. मतदानाच्या तीन दिवस आधी कॅमेरन यांनी ट्विट केलं: एकीकडे माझ्यासोबत स्थैर्य आणि भक्कम सरकार, दुसरीकडे एड मिलिबँडसोबत गोंधळ. पुढच्या चार वर्षांत ब्रिटनने तीन पंतप्रधान पाहिल्यावर हे ट्विट लोकांनी किती वेळा उकरून काढलं ते सांगायला नको.

मिलिबँड कात्रीत सापडले. एसएनपीशी हातमिळवणी नाही म्हणावं तर सरकार कसं बनवणार, हा प्रश्न. हो म्हणावं तर इंग्लंडमधली मतं जाणार. ३० एप्रिलला लीड्समधल्या बीबीसीच्या ‘क्वेश्चन टाइम’ कार्यक्रमात ते म्हणाले, एसएनपीशी सौदा केला नाही म्हणून सरकार हुकत असेल तर हुको. इंग्लंडला ते पटलं नाही आणि स्कॉटलंड दुखावला. त्याच कार्यक्रमात प्रेक्षकांनी मागच्या मजूर सरकारच्या उधळपट्टीवरून त्यांना धारेवर धरलं. कॅमेरन यांच्याकडे तर चिठ्ठीच होती. २०१० मध्ये पायउतार होताना मजूर मंत्री लियम बर्न यांनी आपल्या जागी येणाऱ्यासाठी ‘पैसे उरलेले नाहीत’ अशी एक ओळ गमतीने लिहून ठेवली होती. पाच वर्षांनी ती चिठ्ठी सभांमधून फडकत होती. आपल्याकडे कुणी अशी गंमत लेखी स्वरूपात करणार नाही, एवढं शहाणपण तरी नक्की आहे.

३ मेला मिलिबँड यांनी हेस्टिंग्जमध्ये साडेआठ फुटी दगडी शिळेचं अनावरण केलं. सहा आश्वासनं कोरलेली, खाली सही. जिंकल्यावर ती डाउनिंग स्ट्रीटच्या बागेत उभी करायचा बेत होता. दिवसभर देश हसला. पुढे त्या शिळेचा ७,६१४ पौंडांचा खर्च हिशेबात दाखवायचा राहिला, आणि त्यासह इतर त्रुटींसाठी निवडणूक आयोगाने पक्षाला २०,००० पौंड दंड केला, ते वेगळंच.

क्लेग यांचा प्रचार मला सगळ्यांत करुण वाटतो. देशाच्या नैर्ऋत्य टोकावरच्या लँड्स एंडपासून उत्तरेच्या जॉन ओ’ग्रोट्सपर्यंत दोन दिवसांत सुमारे हजार मैल बस पळवली. संदेश असा, की आम्ही हुजूर सरकारला हृदय देऊ आणि मजूर सरकारला मेंदू. त्रिशंकू संसद गृहीत धरली तरच या वाक्याला अर्थ. तिकडे क्रॉस्बींची माणसं नेमकी लिबरल डेमोक्रॅटांच्याच मतदारसंघांत, खास करून नैर्ऋत्य इंग्लंडमध्ये, एकेका मतदाराच्या मागे लागली होती. मित्रपक्षाचंच घर फोडायचं काम बिनबोभाट चाललं होतं आणि राष्ट्रीय चाचण्यांना त्याचा वासही नव्हता.

आपल्याकडची माणसं

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय नागरिकाला तिथल्या संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. राष्ट्रकुलातल्या देशांच्या नागरिकांना तो हक्क आहे. पुण्याहून कामाच्या व्हिसावर गेलेली, ब्रिटिश नागरिकत्वाचा विचारही न केलेली माणसं त्यामुळे ७ मेला रांगेत उभी राहू शकत होती. याउलट स्विंडनमधले गोंयकार. त्यांतले पुष्कळ पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन गेलेले. पोर्तुगीज झाल्यावर भारतीय नागरिकत्व जातं आणि युरोपीय नागरिकाला तिथे स्थानिक आणि युरोपीय निवडणुकीत मत असलं, तरी संसदेच्या निवडणुकीत नव्हतं. एकाच गल्लीत म्हापशाचा भारतीय पासपोर्टवाला मतदार आणि मडगावचा पोर्तुगीज पासपोर्टवाला बघ्या, असा हा मामला. वर्षभराने युरोपातून बाहेर पडायचं की नाही यावर जे सार्वमत झालं, त्याचा फटका सर्वांत आधी ज्यांना बसणार होता, त्यांना ७ मेलाही मत नव्हतं आणि त्या सार्वमतातही नव्हतं.

मूळ गोव्याचे असलेले उमेदवार मात्र दोन्हीकडे होते. मजूर पक्षाचे कीथ वाझ लेस्टर ईस्टमधून आणि त्यांची बहीण व्हॅलेरी वाझ वॉलसॉल साउथमधून पुन्हा निवडून आले. हुजूर पक्षाकडून फेअरहॅममधून पहिल्यांदाच आल्या सुएला फर्नांडिस, पुढच्या सुएला ब्रेव्हरमन.

भारतीय मतदार म्हणजे मजूर पक्षाची हक्काची पेटी, हे जुनं समीकरण याच निवडणुकीत उघडपणे मोडायला लागलं. हुजूर पक्षाच्या भारतीय मित्रांनी ‘नीला है आसमान’ हे हिंदी प्रचारगीत काढलं. लंडनच्या हॅरो ईस्टमध्ये भारतीय मतदार मोठ्या संख्येने. तिथे बॉब ब्लॅकमन यांनी आपलं मताधिक्य वाढवून जागा राखली. यात जातीचाही प्रश्न होता. २०१३ मध्ये ब्रिटिश संसदेने भेदभावविरोधी कायद्यात जात समाविष्ट करायचं बंधन सरकारवर घातलं होतं. आंबेडकरी आणि रविदासी संघटना त्याची अंमलबजावणी मागत होत्या, अनेक हिंदू संघटना तीव्र विरोधात होत्या, सरकार चालढकल करत होतं. २०१८ मध्ये तर सरकारने ते बंधनच काढायचा निर्णय घेतला. हजार-दोन हजारांच्या राष्ट्रीय नमुन्यात असा वाद दिसतच नाही. दोन-पाच मतदारसंघांत तो निकाल फिरवू शकतो.

रात्री दहा वाजता

भारतात मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत जनमत चाचण्या दाखवता येत नाहीत. ब्रिटनमध्ये आदल्या रात्रीपर्यंत खुशाल छापता येतात. बंदी आहे ती एक्झिट पोलवर, रात्री दहाला मतदान संपेपर्यंत. दहाचा टोला पडला आणि बीबीसीवर डेव्हिड डिंबलबी यांनी आकडा वाचला: हुजूर ३१६, मजूर २३९, एसएनपी ५८, लिबरल डेमोक्रॅट १०.

कुणाचाच विश्वास बसेना. लिबरल डेमोक्रॅटांचे माजी नेते पॅडी अॅशडाउन बीबीसीवरच म्हणाले, हे खरं निघालं तर मी जाहीरपणे माझी टोपी खाईन. यूगव्हने त्याच दिवशी आपल्या मतदारांना पुन्हा विचारून हुजूर २८४, मजूर २६३ असा अंदाज काढला होता, त्यामुळे तासाभरासाठी लोकांपुढे दोन वेगळी ब्रिटनं होती. पहाटे दोनच्या सुमाराला नन्ईटन या मध्य इंग्लंडमधल्या मतदारसंघाचा निकाल आला. मजूर पक्षाला सत्ता हवी तर जिथे जिंकायलाच हवं अशी ही जागा. हुजूर उमेदवाराचं मताधिक्य २,०६९ वरून ४,८८२ वर गेलं होतं. तिथेच विषय संपला.

एक्झिट पोल बरोबर का आला, हे समजून घेण्यासारखं आहे. प्राध्यापक जॉन कर्टिस यांच्या गटाची माणसं सुमारे १४० मतदान केंद्रांबाहेर उभी असतात आणि होता होईल तो दर निवडणुकीला त्याच केंद्रांबाहेर. मत देऊन बाहेर पडलेल्याला खोटी मतपत्रिका देऊन पेटीत टाकायला सांगतात. हा मत द्यायला जाईल का, हा अंदाजच करायचा नाही. तो आत्ताच देऊन आलाय. त्याच केंद्रावर मागच्या वेळेपेक्षा काय बदललं एवढंच मोजायचं. आणि तरीही तो १४ जागांनी कमी पडला. प्रत्यक्षात हुजूर पक्षाला सभापती न धरता ३३०, मजूर २३२, एसएनपी ५६, लिबरल डेमोक्रॅट ८.

बाकीचे तपशील भराभर. लिबरल डेमोक्रॅटांनी गमावलेल्या ४९ जागांपैकी २७ त्यांच्याच मित्रपक्षाने घेतल्या, नैर्ऋत्य इंग्लंडमध्ये भोपळाही फुटला नाही. यूकिपला ३८ लाखांहून जास्त मतं आणि जागा एक. एसएनपीला साडेचौदा लाखांच्या आसपास मतं आणि जागा ५६. स्कॉटलंडमध्ये मजूर पक्षाची एकच जागा उरली. पेझ्लीमध्ये डग्लस अलेक्झांडर या मुरब्बी नेत्याला वीस वर्षांच्या विद्यार्थिनीने, म्हैरी ब्लॅकने हरवलं. वेल्समधलं गॉवर हुजूर पक्षाने २७ मतांनी घेतलं. मजूर पक्षाचे अर्थखात्याचे दावेदार एड बॉल्स ४२२ मतांनी पडले. दुपारपर्यंत मिलिबँड, क्लेग आणि फराज, तिघांनीही राजीनामे दिलेले होते. राजीनाम्याचं भाषण तयार ठेवलेले कॅमेरन तेवढे राहिले. अॅशडाउन यांना बीबीसीने दुसऱ्या दिवशी टोपीच्या आकाराचा केक दिला.

शवविच्छेदन

८ मेलाच चौकशी जाहीर झाली. प्राध्यापक पॅट्रिक स्टर्जिस यांच्या समितीने मार्च २०१६ अखेर अहवाल दिला. शेवटच्या क्षणी मतदार फिरले का? फारसे नाहीत. लोक खोटं बोलले का? तसा पुरावा नाही. म्हणजे १९९२ चा ‘लाजरा मतदार’ या वेळी गुन्हेगार नव्हता. दोष नमुन्यात होता. चाचण्यांना उत्तरं देणारी माणसं मुळातच देशापेक्षा जरा जास्त मजूर-धार्जिणी होती आणि उत्तरं देणाऱ्यांचं प्रमाण देशाशी जुळवायला नंतर लावलेली वजनं तो कल पुसू शकली नाहीत.

हे कसं घडतं? ‘६५ आणि त्यावरील’ असा रकाना असतो. तो भरतो ६६ आणि ६८ वर्षांच्या, इंटरनेट वापरणाऱ्या, फोन उचलणाऱ्या माणसांनी. पंचाहत्तरी ओलांडलेले, जे सर्वांत जास्त मतदान करतात आणि हुजूर पक्षाला करतात, ते त्यात जेमतेम असतात. रकाना मात्र भरलेला दिसतो. तरुणांचंही तेच: चाचणीत येणारा विशीतला मुलगा राजकारणात रस असलेला, म्हणजे हमखास मत देणारा, त्याच्या वयाची राजकारणाशी घेणंदेणं नसलेली मुलं गैरहजर.

याची उलटतपासणी कर्टिस यांनी सुंदर केली. निवडणुकीनंतर काही महिने एक सामाजिक पाहणी चालते, त्यात पत्ते आधीच चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडतात आणि माणूस भेटेपर्यंत पुन्हा पुन्हा दार वाजवतात. पहिल्याच फेरीत घरी सापडले त्यांच्यात मजूर पक्ष पुढे होता. ज्यांच्याकडे तीन-तीन, चार-चार खेपा घालाव्या लागल्या त्यांच्यात हुजूर पक्ष बराच पुढे. सगळे मिळून बेरीज निकालाच्या जवळ. दोन दिवसांत चाचणी उरकणाऱ्याला ही दुसरी माणसं कधी भेटतच नाहीत.

कंपन्या एकमेकींचे आकडे पाहून आपले जुळवून घेत होत्या का, यावर समितीने सावध उत्तर दिलं: जाणूनबुजून केलं असं म्हणता येत नाही, पण आकडे जितके जवळ होते तितके असायला नको होते. सर्व्हेशनचा किस्सा माहीत असताना मला यात आश्चर्य वाटत नाही. कट करावा लागत नाही. प्रत्येकाला एकट्याने चुकायची भीती वाटली की पुरतं. २०१७ मध्ये याच कंपनीने हुजूर पक्ष फक्त एका टक्क्याने पुढे असल्याची शेवटची चाचणी छापली. तेव्हा आयसीएम बारा टक्क्यांचं अंतर सांगत होतं, कारण २०१५ चा धडा घेऊन तरुणांच्या मतदानाला कात्री लावली होती. हुजूर पक्षाचं बहुमत गेलं, सर्व्हेशन सर्वांत जवळ राहिली.

जे विचारलंच गेलं नाही

चुकलेल्या चाचण्यांनीच कॅमेरन यांना बहुमत मिळवून दिलं, असं म्हणणारे आहेत. मला तेवढं सिद्ध झालेलं वाटत नाही; हुजूर पक्षाची मतांतली आघाडी आधीपासूनच होती, दिसत नव्हती इतकंच. पण आघाडी दिसली असती तर प्रश्न बदलले असते, याबद्दल मला शंका नाही. ‘मिलिबँड कुणाच्या खिशात?’ ऐवजी ‘तुम्ही एकटे आलात तर नेमकं काय करणार?’ हे कॅमेरन यांना रोज विचारलं गेलं असतं. जाहीरनाम्यात दोन मोठ्या गोष्टी होत्या. एक, २०१७ अखेरपर्यंत युरोपीय संघाबाबत सार्वमत. दोन, कल्याणकारी योजनांत १२ अब्ज पौंडांची कपात, जिचा बहुतेक तपशील दिलेलाच नव्हता. अर्थविषयक अभ्यास करणाऱ्या संस्थांनी त्यावर बोट ठेवलं, पण आघाडी सरकार होणारच आणि त्यात असल्या गोष्टी घासाघीस होऊन मऊ होणारच, या समजात तो आवाज विरला.

घासाघीस करायला समोर कुणी उरलंच नाही. सार्वमत झालं २३ जून २०१६ ला, आणि ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांनी ब्रिटनने बाहेर पडायचं ठरवलं. कपातीचं त्याआधीच सुरू झालं. अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी कमी पगारावर काम करणाऱ्या कुटुंबांच्या करसवलतींना हात घातला. ऑक्टोबर २०१५ मध्ये बीबीसीच्या त्याच ‘क्वेश्चन टाइम’ कार्यक्रमात हुजूर पक्षाला मत दिलेली एक आई रडत मंत्री अँबर रड यांना विचारत होती, माझी ओढाताण आधीच चालली आहे, त्यात आता हेही काढून घेणार? तुम्ही माझ्यासाठी बरे असाल असं वाटून मी मत दिलं होतं. काही दिवसांत लॉर्ड्सच्या सभागृहाने तो बदल अडवला आणि २५ नोव्हेंबरला ऑस्बर्न यांनी तो मागे घेतला.